देवरावभाऊंच्या वहीतलं कोरं पान

मंडळी, माझ्याआधी चार जण बोलून गेले, बाहेर चहा निवतो आहे, आणि मी इथे उभी राहून शब्द शोधते आहे. मला बोलायला अवघड जातं आहे असा प्रसंग तुम्ही आजवर पाहिला नसेल. हसा, खुशाल हसा. देवरावभाऊंच्या घरात लांब चेहरा करून बसायची पद्धत नव्हती.

पण आधी एक भांडण उरकते. चारही वक्ते म्हणाले, भाऊंचे कान फार तयार होते. कोणी सांगितलं तुम्हाला? अहो, गडचांदूरकडे सिमेंट दळणाऱ्या मिलशेजारी तीस वर्षं मीटर दुरुस्त केलेल्या माणसाचे कान ते! कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, मान्य. पण खरं असलेलं चांगलं बोला की! त्यांच्याकडे काय कमी होतं?

कानांवर भरवसा नव्हता, म्हणून तर ते मोजायचे. निवृत्तीनंतर जुन्या सागवानी पलंगाच्या फळ्यांतून त्यांनी स्पीकरच्या पेट्या केल्या. समोर स्टँडवर माइक, शेजारी लॅपटॉप. त्यावर रेघ उमटायची. रेघ सपाट, तर स्पीकर खरा. "बाई, इथी पाहा," म्हणायचे, "हा इथी उगाच फुगून राह्यला. खोटं बोलते हा."

मी म्हणायची, "भाऊ, गाणं कानानं ऐकतात. रेघ काय ऐकायची?"

मी टेलिफोन ऑपरेटर. सिरोंचाहून ट्रंक कॉल आला की त्या खरखरीतून नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. मला कोण रेघा शिकवणार? दर रविवारी याच खोलीत आमचं हे भांडण, आणि वहिनींचे पोहे. दोन्ही गरम.

मग आले आपले दातांचे डॉक्टर. हे काय, पहिल्या रांगेत बसलेत. नवं घर बांधलं, त्यात विलायती स्पीकर हवे. किमतीत एक बरी चारचाकी आली असती. नागपूरचा विक्रेता जोडी दाखवायला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "मॅडमचे कान सांगतील ते घेऊ." भाऊ म्हणाले, "ठीक हाय. पण पडद्याआडून आइका. नाव पाहून नाई."

वहिनींची हिरवी चादर दोरीवर टांगली. तिच्यामागे विलायती जोडी, भाऊंची सागवानी जोडी आणि भाऊ. अलीकडे पंधरा माणसं, मध्ये खुर्चीवर मी. राणीसारखी. एकच गाणं तीनदा वाजलं.

पहिल्यांदा मी म्हटलं, "ही भाऊंची पेटी. आवाज घशात अडकतो." दुसऱ्यांदा म्हटलं, "हीसुद्धा तीच." तिसऱ्यांदा मी खुर्चीतून उठलेच. "हा विलायती! गाणारीचा श्वास ऐकू येतो. तिच्या बांगड्या ऐकू येतात!"

बांगड्या, मंडळी! मी बांगड्या ऐकल्या.

भाऊ चादरीमागून बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "व्होल्टेज पडलं. आजचं माप धरू नका." लोक पोहे खाऊन घरी गेले. डॉक्टरांनी माझ्या शब्दावर तीच जोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या फाटकाशी.

"बाई, एक सांगू? रागावू नका."

"सांगा."

"तिन्ही येळा माह्याच पेट्या होत्या. तिसऱ्या येळेले आवाज थोडकासा वाढवला, बस."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत?"

"फसवलं नाई, बाई. कारखान्यात काटा लावाच्या आधी काटाच तपासा लागते. काल काटा तुम्ही होत्या."

"मग तिथल्या तिथे का नाही सांगितलं?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सारा जिल्हा तुमच्या कानाच्या भरोशावर एकमेकाशी बोलला. पंधरा माणसाइसमोर मी ते मोडू काऊन?"

आणि मी काय केलं? आभार मानले? छे. फाटक लावून घेतलं. दोन महिने इकडे फिरकले नाही. मग एका रविवारी आपली आले, बसले, पोहे खाल्ले. त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.

आता मुद्द्याचं बोलते. परवा वहिनींनी माझ्यासमोर भाऊंची वही ठेवली. प्रत्येक चाचणी तिच्यात आहे, एकही सुटलेली नाही. फक्त त्या चादरीच्या दिवसाचं पान वेगळं. वर तारीख, गाण्याचे शब्द, खोलीची लांबी-रुंदी. खाली सगळं कोरं. वहिनींनी विचारलं, "बाई, तवापासूनच त्याइचं डोकं चालेनासं झालं होतं का? मले दिसलं नाई काऊन?" भाऊ मेंदूच्या झटक्यानं गेले. वहिनींना वाटतं, पहिली खूण या पानावर होती आणि ती आपल्याकडून सुटली. वेळेत नागपूरला नेलं असतं तर, हेच त्या रोज घोकताहेत.

आणि मी? मला सगळं माहीत होतं. मी चहा प्यायले आणि घरी आले. चूक केली तर बाकावर उभं राहून सांगायचं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी मला पाचवीत शिकवलं होतं. सत्तरीला आले, आणि ऐन वेळी विसरले. स्वतःचाच संताप आला मला.

वहिनी, इकडे बघा. तुमच्या नजरेतून काहीही सुटलेलं नाही. त्या दिवशी त्यांचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चालत होतं. माझी लाज राखायला ते तोंडानं एकदा खोटं बोलले. वहीत खोटं लिहवेना, आणि खरं लिहिलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं. म्हणून ते पान कोरं आहे. एवढंच आहे त्यात.

डॉक्टर, तुम्ही उठू नका. तुमचे स्पीकर चांगले आहेत. भाऊंनी मागाहून तुमच्या घरी येऊन मोजले होते. बऱ्यापैकी सपाट रेघ आहे, असं त्यांनीच मला सांगितलं. फक्त तुम्ही ते बांगड्यांसाठी घेतलेत.

द्या ती वही इकडे. पेन कोणाकडे आहे? सगळ्यांसमोर लिहिते: 'तिन्ही वेळा एकच जोडी. ऐकणारीचा काटा चुकला.' खाली माझी सही. काय म्हणता, वहिनी? अक्षर नीट काढा? काढते हो, काढते. बघा मंडळी, हसल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

आता सगळे उभे राहा. कोणतंही माप घेण्याआधी भाऊ रिकाम्या खोलीचा आवाज मोजायचे. तेवढा वेळ कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही, असा त्यांचा हुकूम असायचा. दोन मिनिटं तेवढाच हुकूम पाळू या. देवरावभाऊ, तुमचं माप बरोबर होतं. माझा नमस्कार घ्या.

डॉक्टर, तो पंखा बंद करा.