मेणाचा दोरा

कारागीर : ही अंगठी माझ्या करंगळीतसुद्धा जेमतेम जाते. आणि तू म्हणतोस, तिच्या अनामिकेचं माप!

बाइंडर : मी दोरा दिला होता ना मावशी. त्याच्याच मापाने केलीत ना?

कारागीर : दोऱ्यावर ढकलू नकोस. हा बघ, खुणेला खूण जुळतेय. आधी पितळेची कच्ची केली म्हणून बरं, नाहीतर एवढं पोलाद फुकट गेलं असतं. माप घेतलंस तरी कसं?

बाइंडर : ती झोपली होती. पहाटे तीनला भट्टी पेटवते ती. दुपारी बेकरी बंद केली की माझ्या दुकानात येते आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपते. केसांत मैदा असतो. खिडकीतून ऊन आलं की तो तरंगायला लागतो. त्या दिवशी तिचा हात पुस्तकं शिवायच्या चौकटीशेजारीच पडला होता. मी मेणाचा दोरा घेतला, बोटाभोवती गुंडाळला आणि...

कारागीर : आणि ताणलास.

बाइंडर : थोडासा.

कारागीर : दहा वर्षं भिंतीला भिंत लावून बसतोय आपण. शेवटचा टाका घालताना तू दोरा असा खेचतोस की बिचारा कागद कण्हत असेल. बोट म्हणजे काय पुस्तकाचा कणा आहे?

बाइंडर : हाताला सवय झालीय हो. सैल शिवलं की पानं निसटतात.

कारागीर : तिला जाग नाही आली?

बाइंडर : नाही. झोपेतच हसली. म्हणाली, “पाव फुगले का?” मी म्हटलं, “हो, फुगले.”

कारागीर : अरे देवा. आणि असल्या पोरीला तू पोलाद घालणार? मी तुला चंद्रकांत खडा दाखवला, दुधावर चांदणं सांडल्यासारखा. हिरवी काच दाखवली, समुद्राने घासलेली. एकदा हातात घेऊन तरी बघायचीस.

बाइंडर : खड्याच्या खाचेत पीठ अडकतं. काच फुटते. सोनं झिजतं. सगळ्यांसारखी तिलाही नको आहे आणि मलाही नको. पोलाद कसं, गुळगुळीत. खडा नाही, नक्षी नाही, जोड नाही. मळताना, भांडी घासताना, झोपताना, कधी काढायलाच नको.

कारागीर : कधीच नको?

बाइंडर : कधीच नको.

कारागीर : भट्टीपाशी बोटं फुगतात बाबा. उद्या बोटात रुतली तर कापावी लागेल, आणि पोलादापुढे माझी करवत हात टेकते. मला सांग, ही अंगठी तू तिच्यासाठी करतोयस की स्वतःसाठी?

बाइंडर : म्हणजे काय? मागणी घालायला करतोय.

कारागीर : ते कळलं. बाकीचं सांगायचं नसेल तर राहू दे.

बाइंडर : बाकीचं काही नाही. तुम्ही फक्त दोन मापं वाढवा आणि पोलादात करा, झालं.

(दाराची घंटी वाजते. बाइंडर पितळेची अंगठी मुठीत लपवतो. बेकरीवाली आत येते, हातांवर मैदा तसाच.)

बेकरीवाली : हे बरंय! मी तिकडे पुठ्ठ्यावर डोकं ठेवायला गेले तर दुकानाला कुलूप. आणि तू इथे. मुठीत काय आहे?

बाइंडर : काही नाही.

बेकरीवाली : मावशी, याच्या मुठीत काय आहे?

कारागीर : मला मध्ये घेऊ नका. मी आंधळी, बहिरी, सगळं आहे.

बेकरीवाली : उघड. अगं बाई! अंगठी? माझी? चोरून? आण इकडे.

बाइंडर : थांब, ती कच्ची आहे. घालू नकोस. अगं, लहान आहे ती!

बेकरीवाली : लहान कसली, पेराशी जरा अडली एवढंच. ही बघ, गेली. छान आहे रे. साधीच आहे, पण... आता निघेना. निघतच नाहीये. मावशी, साबण आहे का?

बाइंडर : साबण नको!

बेकरीवाली : मग काय बोट ठेवून जाऊ इथे? असा पांढरा का पडलास? मैदा माझ्या हाताला आहे, तुझ्या तोंडाला कुठून लागला?

कारागीर : सांग आता. मला नाही सांगितलंस तर नाही, हिला तरी सांग.

बाइंडर : मी सात वर्षांचा होतो. सकाळी दात घासायला गेलो तर बेसिनवर साबणाशेजारी आईची अंगठी. भांडण नाही, रडारड नाही. कपाट अर्धं रिकामं. मला वाटलं, हात धुताना विसरली असेल, परत येईल घ्यायला. वर्षभर मी ती वडी वापरू दिली नाही कुणाला. बाबा वेगळी वडी आणायचे. अंगठी तिथेच ठेवली होती, आली तर चटकन सापडावी म्हणून.

बेकरीवाली : हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

बाइंडर : सांगण्यासारखं काय आहे त्यात? ती आलीच नाही.

बेकरीवाली : म्हणून माझी निघणारच नाही अशी करत होतास.

बाइंडर : तुला त्रास द्यायचा नव्हता गं. मला फक्त ती बेसिनवर बघायची नव्हती.

बेकरीवाली : माझ्याकडे बघ. अशी अंगठी मी घालणार नाही. तू कितीही प्रेमाने केलीस तरी नाही. तू सोडून दुसरं कुणी असतं ना, तर मी आत्ताच्या आत्ता बाहेर पडले असते. मला बोटात काहीतरी अडकवून कुणी ठेवलेलं चालत नाही.

बाइंडर : म्हणजे... तुझं नाही आहे?

बेकरीवाली : अरे, नाही कशाला होईल? मावशी, तुम्हीच सांगा याला.

कारागीर : मी अजून बहिरीच आहे.

बेकरीवाली : ऐक. पहाटे तीनला मी अंगठी काढणार. भट्टीवरच्या खिळ्याला अडकवणार. पीठ मळून झालं, पाव निघाले, हात धुतले, की परत घालणार. रोज. सुट्टीच्या दिवशी नुसती हौस म्हणून काढेन आणि घालेन. तुला एकदाच होकार हवाय. मी रोज द्यायला तयार आहे आणि तू रडतोयस!

बाइंडर : आणि एखाद्या दिवशी खिळ्यालाच राहिली तर?

बेकरीवाली : तर बेकरीत यायचं आणि मला विचारायचं. मी तिथेच असेन, बहुतेक विसरलेली. भीती वाटली तर सांगायचं. चोरून दोरा नाही ताणायचा. दुखलं होतं मला.

बाइंडर : तू जागी होतीस?

बेकरीवाली : अर्धी. मला वाटलं, स्वप्नात कुणीतरी मला पुस्तकात शिवतंय. छान वाटत होतं, जरा घट्ट होतं एवढंच.

कारागीर : हा घे साबण. हळू, फिरवत फिरवत. निघाली बघ. आता माझं ऐका दोघं. त्या मेणाच्या दोऱ्याचं रीळ आहे ना तुझ्या खिशात? कायम असतं. काढ.

बाइंडर : हे काय. पण माप तर...

कारागीर : माप गेलं खड्ड्यात. दोऱ्याचीच अंगठी करू. हिच्या बोटाभोवती दोऱ्याचे तीन वेढे घ्यायचे, टोकं बांधायची नाहीत, एकमेकांशेजारून नुसती जाऊ द्यायची. तो वेढा बोटातून अलगद काढून मी पातळ प्लास्टरमध्ये बुडवते. प्लास्टर सुकलं की भट्टीत. मेण वितळतं, दोरा जळून जातो, आत राहते ती त्याची वाट. तो गेलेला असतो, पण जिथून जिथून फिरला ते सगळं तसंच असतं, पीळ न् पीळ. त्या वाटेने चांदी ओतायची.

बेकरीवाली : म्हणजे तो पुस्तकं शिवतो तोच दोरा, चांदीचा?

कारागीर : तोच. टोकं मोकळी, म्हणजे बोट फुगलं तर अंगठी जरा उघडते. अशी मी आजवर कुणाला केलेली नाही. बिघडली तर पुन्हा करू. माझा जीव मात्र या खुळचटपणात रमतो.

बेकरीवाली : मला हीच हवी. आत्ता गुंडाळ. भट्टीवरून आलेय, बोटं चांगली फुगलीयत.

बाइंडर : दोरा वाकडातिकडा जातोय गं.

बेकरीवाली : जाऊ दे. तेही येईल चांदीत.

बाइंडर : एक वेढा. दोन. हा तिसरा. पुरे?

बेकरीवाली : अजून सैल.

बाइंडर : एवढी?

बेकरीवाली : अजून जरा.

बाइंडर : निसटेल गं. पिठात पडली तर?

बेकरीवाली : पडली तर सगळं पीठ चाळून शोधशील ना?

बाइंडर : शोधेन.

बेकरीवाली : मग सोड दोरा.