सेलमधले आबा

अरे, तुम्ही माझ्या त्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला हसता, पण मला त्याने रडकुंडीला आणलं होतं. त्याआधी माझी खिशातली डिजिटल डायरी सेल संपल्याबरोबर सगळे फोन नंबर विसरली होती. त्यामुळे तेव्हा नव्या असलेल्या या कॅमेऱ्यात सेल संपत आल्याची लाल खूण दिसली आणि मी तो झटकन बंद केला. माझ्या वडिलांचा, आबांचा, एकुलता एक फोटो त्यात होता. आणि आबा तर महिन्यापूर्वीच गेले होते.

आईला, म्हणजे आमच्या अक्काला घेऊन मी अमळनेरहून जळगावची एसटी पकडली. सेल हलू नयेत म्हणून झाकण अंगठ्याने दाबून धरलेलं. खड्डा आला की अक्का विचारायची, "तुना आबा आठेच शेतस ना रे?" "हो, इथेच आहेत," मी म्हणायचो.

तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात दुकानदाराने कॅमेरा हातात घेतला आणि चारही सेल काढून काउंटरवर ठेवले. मी ओरडलोच.

"अहो, फोटो सेलमध्ये नसतो," तो म्हणाला. "या कार्डात असतो. सेल नसले तरी कुठे जात नाही."

माझ्या जिवात जीव आला. अक्का मात्र त्या काळ्या पडद्याकडेच बघत होती.

"तरी बी सेल टाक, भाऊ," ती त्याला म्हणाली. "त्यासले अंधारामा नको ठेवू."