न जोडलेली सायकल

सायकलच्या दुकानात पंक्चर निघेपर्यंत बाकावर बसलेल्या नर्सबाईंच्या कानावर काउंटरवरचं बोलणं आपसूक पडत होतं. एक वहिनी आणि तिचा धाकटा दीर माउंटन बाईकची नुसतीच फ्रेम घेऊन आले होते.

“एकोणतीस इंची चाकं बसतील ना हिला?”

“बसतील. पण फ्रेम जुनी आहे साहेब, हल्लीचे जाड टायर आत घासतील.”

“सहा वर्षं झाली घेऊन.”

“आणि एकदाही चालवली नाही?”

“दादा दरवर्षी जोडायला निघायचा. मीच म्हणायचो, थांब, पुढच्या वर्षी पुढचं चाक धरणारा याहून चांगला फोर्क येतोय.”

“भाऊजी, जाऊ द्या ना आता.”

“कसं जाऊ देऊ वहिनी? मी धाकटा, तरी तो माझं ऐकायचा.”

“दादांना एकदा घेऊन या, उंची बघून सीट लावतो.”

“उंची माझी घ्या. ते गेले, तीन महिने झाले. चालवणार मी आहे.”

“... बरं ताई. महिनाभर थांबलात तर ह्याच फ्रेमला बसणारा एकदम भारी टायर मागवतो.”

“हो वहिनी, तो खरंच...”

“भाऊजी, तुम्ही बोलू नका. आज दुकानात आहेत त्यातला बसेल तो टायर घालून सायकल जोडा. मी इथेच उभी आहे.”