इंग्रजीतलं टिरोल

(सन १९२८. मेरानच्या वरच्या डोंगरातलं एक खेडं. जर्मन बोलणारा हा टिरोलचा मुलूख महायुद्धानंतर इटलीकडे गेलेला; टिरोल हे नाव आणि शाळेतलं जर्मन, दोन्हींवर बंदी. विधवा नोटबुर्गाची खानावळ. तिच्याशी बोलतोय तिचा दीर सेप, घरांच्या भिंती रंगवणारा.)

नोटबुर्गा : आणि जागा तरी कुठली शोधलीत, भाऊजी! भिंतीवरच्या संत फ्लोरियनच्या पायाशी! पार खालच्या पुलावरून दिसतात पाटीवरची ती टिरोलची इंग्रजी अक्षरं.

सेप : दिसावीत म्हणूनच काढली. वहिनी, हुकूम नीट ऐका. टिरोल हे नाव घ्यायचं नाही. जर्मनमध्ये नाही, इटालियनमध्ये नाही. इंग्रजीबद्दल कुणी काही म्हटलंय का?

नोटबुर्गा : वकील व्हायचं सोडून भिंती कशाला रंगवता?

सेप : परवाची ती इंग्रज म्हातारी आठवते? टांग्यात बसून ‘साउथ टिरोल, साउथ टिरोल’ करत होती. टांगेवाला घाबरून म्हणतो, असं काही इथे नाही. बिचारी टिरोलच्या मधोमध बसलेली! आल्तो आदिजे हे सरकारी नाव म्हटलं की या लोकांना वाटतं, खोकल्याचं औषध.

नोटबुर्गा : तुम्हाला हसायला काय जातं? वर माझी पोर आहे.

सेप : मॉइडलचा काय संबंध? पाटी मी काढली.

नोटबुर्गा : शब्द कुणी लिहून दिले? इंग्लंडात राहून आलेली या खोऱ्यात दुसरी आहे कोण? तिला शाळेतून काढलं तेव्हापासून पाळत आहे. आता मुलांना चोरून आपली भाषा शिकवते, हे कळायला किती वेळ लागतो? पलीकडच्या खोऱ्यातल्या मास्तरणीला नेलं ना तडीपारांच्या त्या बेटावर? आली ती रक्त ओकतच आली.

सेप : बरं बरं. संध्याकाळी चुना फासतो.

नोटबुर्गा : आत्ता फासा... थांबा. तो घोडा कुणाचा?

सेप : अरे देवा. कार्दिल्लो फौजदार. मुलं वर आहेत?

नोटबुर्गा : आहेत. तो झाडू घ्या आणि छताला ठोका. जोरात!

सेप : ठोकला. हां, जपमाळ सुरू झाली.

नोटबुर्गा : ठरलंय त्यांचं. परका माणूस दाराबाहेर जाईपर्यंत थांबायचं नाही.

फौजदार : नमस्कार, सिन्योरा. काय ही चढण! पाणी मिळेल?

नोटबुर्गा : वाईन घ्या ना, साहेब.

फौजदार : पाणीच द्या. पाटी पाहिली.

सेप : ती माझी करणी, साहेब. आत्ताच चुना कालवायला निघालो होतो.

फौजदार : फासून टाका. मी काही वर कळवत नाही.

सेप : देव तुमचं भलं करो!

फौजदार : शब्द कुणाचे?

सेप : माझेच.

फौजदार : मग वाचून दाखवा.

सेप : वाचू? मी फक्त अक्षरं काढतो, साहेब. वाचायचं काम पाहुण्यांचं.

नोटबुर्गा : एक इंग्रज बाई उतरली होती, तिने लिहून दिलं.

फौजदार : असेल. वर प्रार्थना चाललीय वाटतं?

नोटबुर्गा : शेजारची मुलं आहेत. माझ्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी माळ जपतात.

फौजदार : छान. माझी आई अशीच रोज जपायची. टोपी काढतो मी. संपू दे त्यांची.

सेप : उतरताना काळोख होईल, साहेब. वाट निसरडी आहे.

फौजदार : मला घाई नाही.

नोटबुर्गा : अजून पाणी देऊ?

फौजदार : नको. माळ संपली, सिन्योरा. आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.

नोटबुर्गा : मुलं भाविक आहेत.

फौजदार : फारच. आमच्याकडे मढ्याच्या उशाशी बसलेल्या बायकासुद्धा मध्ये कॉफी घेतात.

सेप : डोंगरातली मुलं, साहेब. फुप्फुसं मजबूत.

फौजदार : ही तिसरी माळ. एकाचा आवाज बसलाय, ऐकलंत? लहान दिसतोय.

नोटबुर्गा : ऐकलं.

फौजदार : मी वर गेलो, तर मुलांची नावं लिहून घ्यावी लागतील. बापांचीसुद्धा. ते मला नकोय. तुमची मुलगी आपणहून खाली आली, तर मुलं घरी जातील. तोवर मी भिंतीकडे तोंड करून बसतो.

सेप : मला न्या, साहेब! पाटी माझी, गुन्हा माझा!

फौजदार : पाटीसाठी कोण एवढा डोंगर चढतो? पाटीमुळे घर सापडलं, एवढंच.

नोटबुर्गा : कुठे नेणार तिला?

फौजदार : ते माझ्या हातात नाही. हाक मारा. तुमचा आवाज ऐकला तरच ती थांबेल.

सेप : वहिनी, नका! पाया पडतो, नका.

नोटबुर्गा : त्या पोराचा घसा फाटतोय, भाऊजी. किती वेळ ऐकू?... मॉइडल! पुरे झालं गं. मुलांना घरी जाऊ दे आणि तू खाली ये. तुझा जाड कोट मी काढून ठेवते.