साठाच्या जागी एकशेवीस

(खासबागेतलं रवळूचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुपार. दारात नेमिनाथची मोटार, चारी दारं उघडी.)

नेमिनाथ : तुझ्या त्या म्युझिक सेटनंच झालंय रं हे! परवा बोरगावला निघालो, तर स्पीडचा काटा शून्यावर, मीटरातले सगळे दिवे पेटलेले, आणि गाडी आपली पळतीयाच.

रवळू : नेमिअण्णा, सेट बसवून दोन म्हैने झाले. बिघाड ह्या आठवड्याचा. मधी दोन म्हैने सेट काय मुहूर्त बगत बसलाता?

नेमिनाथ : ते मला सांगू नकोस. तू वायर कापलीस.

रवळू : आणि हे तुमी जैन बस्तीत, दर्शनाला आलेल्या चारचौघांत सांगितलासा. व्हय का न्हाय, त्रिशलाआक्का?

त्रिशला : सांगितलं की. मी पायऱ्यांवर चप्पल शोधत होते, तितवर ऐकू आलं. रवळूकडं गाडी देणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, म्हणाले.

नेमिनाथ : तू माझी बायको हाईस का त्याची साक्षीदार?

त्रिशला : लग्न तुमच्याशी झालंय, कान माझे हायत.

रवळू : तवापासनं दोन गाड्या दारावरनं माघारी गेल्या. वडिलांच्या हातचं दुकान हाय हे, अण्णा. लई लागलं मला. आज निकालच लावू. चूक माझी निघाली तर दुकानाची पाटी उतरवतो. तुमची निघाली तर त्याच पायऱ्यांवर, तेवढ्याच आवाजात सांगायचं, रवळूची चूक न्हवती.

नेमिनाथ : ठरलं! मी गाडीत काय करणार? बसतो आणि चालवतो.

रवळू : बरं. हे बिघाड वाचायचं यंत्र गाडीला जोडलं. ब्रेकची कॉम्प्युटरची पेटी म्हणतीया, मला मीटरचं ऐकू येईना. इंजिनाची पेटीबी तेच म्हणतीया, स्टेअरिंगचीबी तेच.

त्रिशला : म्हणजे ह्या पेट्या एकमेकींशी बोलतात?

रवळू : गाडी चालू हाय तवर. वेणीगत पीळ घातलेल्या दोन वायरी असत्यात, त्यावरनं. बाकी सगळ्या बोलत्यात, मीटरच गप झालाय.

त्रिशला : आमच्या घरी तेच. सगळी बोलतात, हे तेवढे पेपरात.

नेमिनाथ : तुझं काम बघ रं, रवळू.

रवळू : बगतोय की. आता बॅटरी सोडवली. त्या दोन वायरींमधी रोध मोजला तर साठ ओहम यायला पाहिजे. किती दिसतंय?

नेमिनाथ : एकशेवीस. दुप्पट! मग चांगलंच की.

रवळू : व्यापारी माणूस, दुप्पट दिसलं की खूश! दोन्ही टोकांना एकशेवीसचा एकेक रोध असतोय; दोन्ही जाग्यावर असले की मिळून साठ, एक तुटला की एकशेवीस. आता माझा सेट पुरता काढून हितं फळीवर ठिवला. बगा परत.

नेमिनाथ : एकशेवीसच.

रवळू : सेट सुटला. आता मीटरमागं बगू. आक्का, मोबाईलचा उजेड धरा.

नेमिनाथ : ते कशाला उघडतोस? सुम्नं गप टेप गुंडाळ की वरच्यावर.

त्रिशला : तुमाला घाम का फुटलाय?

नेमिनाथ : ऊन हाय.

त्रिशला : सावलीत हुबारलासा की.

रवळू : अगाई! वायर कापल्याली न्हाय, कुरतडल्याली हाय. ह्या दातांच्या खुणा. आणि हे काय? चिंध्या, कापूस, शेंगांची टरफलं...

त्रिशला : ही चिंधी माझ्या गुलाबी पातळाची! पिंजऱ्यावर झाकायला दिलेली.

रवळू : कसला पिंजरा?

त्रिशला : घरात उंदीर लई झालते. आमी जीव मारत न्हाय. हे पिंजऱ्यात धरायचे आणि गाडीनं लांब नेऊन सोडायचे. अवो, पाच धरले, पाच सोडले म्हणालासा न्हवं?

नेमिनाथ : पाच धरले.

त्रिशला : आणि सोडले?

नेमिनाथ : चार. चाक खड्ड्यात गेलं, पिंजऱ्याचं दार उघडलं. पाचवा गाडीतच सुटला. वाटलं, उतरला असंल कुठंतरी.

त्रिशला : मला सांगायला काय झालतं?

नेमिनाथ : पाच जिवांचं पुण्य तू सगळ्या बायकांना सांगून आलतीस. मग चार कसं म्हणू?

रवळू : व्वा! उंदीर तुमचा, पुण्य तुमचं, आणि माकड मी? आणि पाचवा न्हवं अण्णा, पाचवी. ह्या कापसात सहा पिल्लं हायत. डोळंबी उघडल्यालं न्हाईत.

त्रिशला : हात लावू नका! ती चालायला लागेपर्यंत गाडी हितंच राहील. आई येईल त्यांची. तवर हे पायी बस्तीत जातील आणि रोज पायऱ्यांवर सांगतील.

नेमिनाथ : एकदाच ठरलंतं!

त्रिशला : चार म्हणजे पाच, तसं एकदा म्हणजे रोज.

रवळू : आक्का, तुमी न्यायाधीश व्हायला पाहिजे होता. पण अण्णा, ते चार सोडलासा कुठं?

नेमिनाथ : ते कशाला आता?

त्रिशला : सांगा.

नेमिनाथ : कडोलीच्या वाटंला. जीव उपाशी मरू नयेत म्हणून खाऊन-पिऊन असलेला मळा बघितला. विहीर, पत्र्याची खोली, आत शेंगांची पोती...

रवळू : खोलीला निळं दार?

नेमिनाथ : गेल्या साली तूच जेवायला बोलवलंतंस न्हवं? म्हणालास, अण्णा, आपल्या मळ्यात खायला काय कमी न्हाय.

रवळू : अगागागा! माझी पोती फोडली की वो! आणि मी शेजारच्या गुंडूशी चावडीत भांडून आलोय. म्हटलं, तू बांध पेटवलास म्हणून तुझं उंदीर माझ्या खोलीत शिरलं. त्याच्या पोरांसमोर नाही नाही ते बोललो.

त्रिशला : मग चावडीच्या पायऱ्या तुमालाबी चढायला लागणार, रवळूअण्णा.

रवळू : चढतो. आज सांजचंच जातो. गरीब माणूस, एक शब्द उलट बोलला न्हाय.

नेमिनाथ : चुकलं रं माझं, रवळू. तुझं नाव घालवलं. पोत्यांचं नुकसान मीच भरून देईन. आता एवढं सांग, ही सहा मोठी झाली की कुठं सोडू? तुझ्या मळ्याकडं फिरकत न्हाय, शप्पथ.

रवळू : आणि कुठं सोडणार? माझ्या मळ्यातच सोडा. आजोळ हाय त्यांचं.