पाणी कोणी शेंदलं?

अध्यक्ष महाराज, गुरुजींच्या घरची माणसं, शाळेतले मास्तर लोक, आणि माझ्या गावाहून सकाळच्या मोटारीनं आलेल्या मायबहिणींनो,

मला बोलायला लावू नका, असं मी काल या लोकांना सांगून पाहिलं. एरवी लाऊडस्पीकर दिसला की नाना सोडत नाही, हे साऱ्या अकोल्याला माहीत आहे. पण आज तो नको वाटतो. दिनकर गुरुजी शाळेतून आले, खुर्चीवर बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. आणि मी पासष्टीला टेकलेला म्हातारा त्यांच्या शोकसभेत उभा आहे. हे उलटं झालं, मंडळी. फार उलटं झालं.

आधीच्या वक्त्यांनी त्यांना इतिहास संशोधक म्हटलं. ते ऐकून गुरुजी हसले असते. ते भूगोलाचे मास्तर. पण रविवार आला की सायकल काढायची आणि निघायचं. बार्शीटाकळीला त्यांनी एक म्हातारा शिंपी गाठला. बेचाळीसमध्ये त्यानं चोरून झेंडे शिवले होते, आणि त्याच मशिनीवर फौजदाराचा कोटही शिवला होता. अंजनगावला पानमळ्यातल्या एका बाईनं त्यांना सांगितलं, की बंदी घातलेली पत्रकं विड्याच्या पानांच्या करंड्यांत तळाशी घालून कशी गावोगाव गेली. कोणत्या पुस्तकात आहे हे? देशाचा इतिहास म्हटला की आपण दिल्लीकडं तोंड करून बसतो. गुरुजी म्हणायचे, "नाना, जरा मागं वयून पाहा ना बाप्पा."

त्यांची विचारायची रीत मात्र मोठी वाईट. तुम्ही काय पराक्रम केला, हे ते कधी विचारत नसत. ते विचारत, "लाकडं कोनं आनले? चूल कोनं पेटवली? भांडे कोनं घासले?" भले भले पुढारी वैतागायचे. मीही वैतागलो.

तुम्हाला ठाऊक आहे, मिठाच्या सत्याग्रहात आपला वऱ्हाडही होता. समुद्र कुठं आहे आपल्याकडं? पण पूर्णेकाठचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. तेच पाणी कढईत आटवून आम्ही मीठ केलं. करडं, कडूजहर मीठ! त्यासाठी पकडले गेलो, तीन महिने जेलात बसलो. गावात चावडीसमोर दगड उभा केला आहे. त्यावर सात नावं आहेत. पहिलं माझं. आणि दर पंधरा ऑगस्टला मी सांगत आलो, आम्ही पाणी शेंदलं, आम्ही आटवलं, आम्ही कायदा मोडला.

एका रविवारी गुरुजी आले. ताक प्याले. मिशा पुसल्या. म्हणाले, "नाना, पानी कोनं शेंदलं?"

मी म्हटलं, "आमी."

"कोन्त्या इहिरीचं?"

मी त्यांच्या पेल्यात आणखी ताक ओतलं.

मंडळी, तेव्हा सांगितलं नाही, ते आज सांगतो. गावात बऱ्या पाण्याची विहीर एकच. तिच्यातून मीठ निघत नाही. सगळ्यात खारं पाणी होतं तेव्हाच्या महारवाड्यातल्या विहिरीला. का? तर बऱ्या विहिरीवर आम्ही त्यांना चढू देत नव्हतो. जी कोणालाच नको, ती त्यांच्या वाट्याला आली होती. मीठ भरपूर निघणार ते तिथूनच. पण त्या विहिरीला शिवायचं कसं? आम्ही सात देशभक्त, अंगात खादी, सरकारचा कायदा मोडायला निघालेले, त्या विहिरीपासून वीस हात लांब उभे राहिलो! पाणी शेंदलं तिथल्या बायांनी. घागर कढईला लागू देऊ नका, वरून ओता, असं बजावणारा मीच. एकदा विस्तवावर चढलं की विटाळ गेला, अशी आमची समजूत. हसू नका. मंडळी, हसू नका, ही रडायची गोष्ट आहे.

गुरुजी मला हाताला धरून त्या वस्तीत घेऊन गेले. आता तो बौद्धपुरा आहे. पाणी शेंदणाऱ्या चौघींपैकी भागाबाई तेवढ्या मागे राहिल्या आहेत. त्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. गुरुजी म्हणाले, "माय, नाना म्हनतात, पानी त्याईनं शेंदलं."

भागाबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "त्याईनं? त्याईले दोर तरी धरता येते काय?"

मग सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तुमाले हार घातले, मोटारीत बसवून नेलं. तुमी गेल्यावर शिपाई आमच्याकडं आले. इहिरीत घासलेट ओतलं, मेलेलं कुत्रं टाकलं. तुमाले तीन महिने जेल झाली. आमाले सारा उन्हाळा झाला. तुमच्या इहिरीपाशी घागर घिऊन उभं राहावं. कोनी वाढलं त पानी, नाई त नाई. जेलातून आल्यावर तुमी एकदा तरी इचारलं काय?"

नाही विचारलं. मी सुटून आलो तेव्हा वेशीवर वाजंत्री होती. त्या वाजंत्रीत कोण कशाला विचारतो?

त्या दिवशी मला राग कोणाचा आला असेल? गुरुजींचा! मी म्हटलं, "तू माझं नाव मातीत घालाले निघाला काय?" दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र येत राहिले. एकदा म्हणाले, "नाना, मी लिहिलं त लोक म्हनतीन, मास्तर भानगडी करते. भागाबाईनं सांगितलं त म्हनतीन, म्हातारी बरळते. तुमी सांगा." गावोगाव ऐकलेल्या या गोष्टींची त्यांची वही लिहून तयार होती, पण त्यांनी छापायला दिली नाही. माझ्यासाठी थांबले.

मी शब्द दिला. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, गावात, झेंड्याखाली सांगतो म्हटलं. उभा राहिलो. समोर सरपंच, माझी नातवंडं, सारा गाव. आणि जिभेला जे वळण पडलं होतं तेच ती बोलून गेली. "आम्ही पाणी शेंदलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत गुरुजी बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. सभा संपल्यावर जवळ आले. म्हणाले, "लय वेळ उन्हात होते. तब्येत बरी हाये ना?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं हो.

मी मनाला म्हटलं, ऑगस्ट येतोच आहे. ऑगस्ट येईल, पण गुरुजी येणार नाहीत. ज्या माणसानं माझ्यासाठी वाट पाहिली, त्यालाच मी हे ऐकू दिलं नाही. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

म्हणून आज भर सभेत सांगतो. मी पानी शेंदलं नाई. मी लांब उभा होतो. पाणी शेंदलं भागाबाईनं, सखूबाईनं, राधाबाईनं आणि चंद्रभागेनं. ही नावं गुरुजींच्या वहीत आहेत. वही छापा. मला विचारू नका, मला दाखवू नका, माझ्याबद्दल जे आहे ते आहे तसं छापा. गावातल्या दगडाचं काय करायचं, ते गावानं ठरवावं. या चौघींची नावं वर कोरायची म्हणून माझं खाली गेलं, पुसलं गेलं, तरी माझी हरकत नाही.

भागाबाई, तुम्ही तिथं मागं दाराशी बसल्या आहात. माझी नजर अजून शाबूत आहे, मला दिसतं. माफी मागावी तर कोणत्या तोंडानं मागू? तुम्ही द्याल की नाही, तेही मला माहीत नाही. नका देऊ.

मंडळी, आता गुरुजींसाठी आपण सारे दोन मिनिटं उभं राहू. कोणी काही बोलू नका.

भागाबाई, तुमी उठू नका. तुमी लय उभ्या राह्यल्या. आता आमी उभे राहातो.