आठच्या आत तो प्रवास नव्हे

…नाही, पण तुम्हीच सांगा, एक माणूस मुलुंडहून निघाला, पायी निघाला बरं का, रुळांच्या कडेने खडी तुडवत नाहूर ओलांडलं, भांडुप ओलांडलं, कांजूर ओलांडलं, विक्रोळीच्याही पुढे पोचला, उजव्या बुटाचा तळ सुटला, डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला… तर तो माणूस कुठे गेला होता की नव्हता? गेला होता ना? मलाही अगदी असंच वाटत होतं! पण काल ऑफिसातून पत्र आलंय. त्यात लिहिलंय, ‘सबब आपण प्रवास केलेला नाही.’ तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, पाचव्या वेळी मला वाटायला लागलं की त्यांचंच बरोबर असेल. सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. माझ्याकडे काय आहे? गुडघा!

आता मी चुकतही असेन. ते माझं नेहमीचंच. मी विद्याधर केळुसकर, वय एकाहत्तर, रेल्वेच्या आकडेवारी शाखेत चौतीस वर्षं काढली, गणितात पीएच.डी. आहे, आणि प्रबंधाचा विषय कुठला, तर ‘मोजमापातील चुका’. इतर लोक शिकून एखादी गोष्ट खात्रीने सांगायला लागतात. मी सात वर्षं शिकलो आणि कुठलीच गोष्ट खात्रीने सांगेनासा झालो. आमची अनुपमा, म्हणजे सौभाग्यवती, येईल त्या पाहुण्याला सांगते, “यांना लग्नाचं विचारलं तेव्हा हे ‘बहुधा हो’ म्हणाले होते. चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून नक्की काही कळवलेलं नाही.”

तर प्रवास. रेल्वेत नियम साधा आहे. तुमचं मुख्यालय, म्हणजे जिथे तुमची रोजची हजेरी लागते ती जागा, तिच्यापासून आठ किलोमीटरच्या पुढे ड्यूटीवर गेलात तर प्रवासभत्ता. आठच्या आत गेलात तर काही नाही. आठच्या आत तो प्रवास नव्हे! मग तुम्ही पायी जा, लोळत जा, डोक्यावर तीस किलोचं अवजार घेऊन जा, तुम्ही फक्त ‘असता’. आधी इथे होतात, आता तिथे आहात. मधलं सगळं तुमचं खाजगी.

आणि या नियमात कोण अडकावं? तुळशीदास! आमच्या बिल्डिंगमागच्या रुळांवर मी त्याला वर्षानुवर्षं बघतोय. ट्रॅकमन. मालवणकडचा, बारीक चणीचा, खांद्यावर हातोडा, आणि चालताना ओठ सतत हलताहेत. मला वाटायचं नामस्मरण करतो. एके सकाळी घरी आला. पायरीशी चपला काढल्या, आत येईना.

“साहेब, तुमी शिकलेले. माझी केस घेवा.”

केस अशी, की दोन वर्षांपूर्वी विक्रोळीच्या पुढे एका लहान पुलाच्या भिंतीचं काम चाललं होतं. तिथे तुळशीदासला खास ड्यूटी. अठरा दिवस, रूळ बघत पायी जायचं आणि बारा-बारा तास लाल झेंडा घेऊन उभं राहायचं. राहिला उभा. भत्त्याच्या फॉर्मवर अंतराच्या रकान्यात लिहिलं, ‘आठच्या वर’. तपासणाऱ्यांनी अंतरांचा तक्ता काढला. तक्त्यात मुलुंड ते विक्रोळी सात पूर्णांक नऊ! झालं. ‘खोटी माहिती देऊन भत्ता उकळला’ म्हणून आरोपपत्र. त्याच्या बाजूने बोलायला युनियनचा माणूस होता, तो चौथ्या तारखेनंतर कंटाळला. नियमाप्रमाणे निवृत्त कर्मचारीही मदतनीस म्हणून चालतो. म्हणून हा माझ्या दारात.

मी म्हटलं, “तुळशीदास, भत्ता परत देऊन टाक आणि मोकळा हो ना.”

तर म्हणाला, “पैशे कवाच कापून घेतल्यानी, साहेब. ते ऱ्हवंदेत. पण कागदार माका खोटो म्हणान लिवल्यानी हा, ता तेवढा पुसा. एकतीस तारखेक मी रिटायर होतलंय. गावाक जावन काय सांगू? चाळीस वर्सां रूळ सरळ केले आणि स्वतः वाकडो?”

आता यावर माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, “बघू… प्रयत्न करू… म्हणजे जमेलच असं नाही…” आतून अनुपमा ओरडली, “हो म्हणा!” म्हणालो हो. आयुष्यातला माझा पहिला ठाम होकार, तोही दुसऱ्याने दिलेला.

चौकशी चालली होती भांडुपच्या एका ऑफिसात. चौकशी अधिकारी श्री. जयवंत पोतनीस. लांबच्या विभागातून खास यायचे. खास ड्यूटीवर! प्रत्येक तारखेला भत्ता. अठरा दिवसांच्या भत्त्याची चौकशी, अकरा तारखा झालेल्या, आणि अकराच्या अकरा तारखांना भत्ता. नाही, नियमात बसतं ते, मी तक्रार करत नाही, माणूस सज्जन, घरून डब्यात शेवेचे लाडू आणायचे आणि आरोपीलाही द्यायचे. आरोपीला लाडू मिळायचा, भत्ता नाही. कारण मुलुंड ते भांडुप! आठच्या आत तो प्रवास नव्हे!

आणि समोर आरोपाची बाजू मांडायला समीक्षा मॅडम. तिशीच्या, चटपटीत, तक्ता फाइलच्या वरच ठेवलेला. “सर, सिंपल आहे ना. तक्ता बोलतो सात पॉइंट नऊ. हे बोलतात आठच्या वर. तक्ता तर खोटं बोलणार नाही ना यार… सॉरी, सर.”

तेव्हा तुळशीदास उठला, पिशवीत हात घातला, आणि टेबलावर काय ओतलं असेल? चिंचोके! खळ्ळकन! मॅडमच्या फाइलवर, साहेबांच्या लाडवांत, सगळीकडे चिंचोके.

पोतनीस म्हणाले, “हे काय?”

“पुरावो.”

मग उलगडलं. हा माणूस चालताना नामस्मरण करत नाही, हा स्लीपर मोजतो! रुळांखालचे ते काँक्रीटचे आडवे ठोकळे असतात ना, ते. चाळीस वर्षांची सवय. “मोजल्याशिवाय माका चलूकच येणा नाय.” शंभर स्लीपर झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. त्या अठरा दिवसांत रोज मोजले. एकशे पस्तीस चिंचोके आणि वर बारा स्लीपर. रोज तेवढेच! आणि एका किलोमीटरला स्लीपर सोळाशे साठ. मी तिथल्या तिथे भागाकार केला, आठ किलोमीटर एकशेचाळीस मीटर!

कसं काय? तर तक्ता मोजतो स्टेशन ते स्टेशन. तुळशीदासची हजेरी लागते टूल-रूमवर, म्हणजे अवजारांच्या खोलीवर, आणि ती मुलुंड स्टेशनाच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला. पूल विक्रोळीच्या पलीकडे. दोन्हीकडचं थोडं थोडं तक्त्याने खाल्लेलं. इतकं साधं! अकरा तारखांत कोणी विचारलं नव्हतं, “बाबा रे, तू नेमका निघतोस कुठून?”

समीक्षा मॅडमने तक्ता फाइलीत सरकवला. पोतनीसांनी पेन उचललं. केस जिंकली होती हो. मी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यात पोतनीस सहज, अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही तज्ज्ञ. आठ किलोमीटर एकशेचाळीस मीटर. नक्की ना?”

आता ‘नक्की’ हा शब्द कोणी उच्चारला की माझं संपलंच. डोळ्यांपुढे अख्खा प्रबंध उभा राहिला. वळणावर स्लीपर जवळ येतात… काही जुने, काही नवे… मोजणाऱ्याची नजर… आणि मी ऐकलं, माझ्याच तोंडून ऐकलं, “अधिक-उणे दीडशे मीटर.”

पोतनीसांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे सात किलोमीटर नऊशे नव्वदसुद्धा असू शकतं?”

“असू शकतं.”

अहो, का? का बोललो मी? कोणी विचारलं होतं उणे? अधिक म्हणून थांबलो असतो! समीक्षा मॅडमने तर कपाळाला हात लावला, आणि ती विरुद्ध बाजूची! बाहेर आल्यावर मला म्हणते, “सर, तुम्ही नेमके आमच्याकडून होता की त्यांच्याकडून?” मी म्हटलं, “मी सत्याच्या बाजूने…” ती म्हणाली, “सत्याला रिटायर व्हायचं नाहीये ना सर या महिन्यात.”

आत तुळशीदास एक-एक चिंचोका वेचून पिशवीत भरत होता. ते बघून… जाऊ दे. घरी येऊन जेवलो नाही. अनुपमा म्हणाली, “त्या माणसाने चाळीस वर्षांत एक स्लीपर चुकवला नाही आणि तुम्ही एका वाक्यात त्याचे अडीचशे घालवलेत.” हिशेब बरोबर होता तिचा. म्हणजे जवळजवळ.

पुढच्या तारखेला, महिना संपायला चार दिवस उरलेले, तुळशीदास हात जोडून पोतनीसांना म्हणाला, “साहेब, माझो मोजलेलो नको, तक्तो नको, डाक्टरांचा ता उणे तर नकोच नको. तुमीच चला. आणि तुमीच मोजा.”

आणि पोतनीस तयार झाले हो! परवानगी निघाली, पुढे एक झेंडेवाला, मागे एक झेंडेवाला, मध्ये आम्ही चौघं. टूल-रूमपासून सुरुवात. सगळ्यांना खिसाभर चिंचोके वाटले. पोतनीस नव्या कोऱ्या बुटांत, समीक्षा मॅडम स्पोर्ट्स शूज घालून, आणि चौघांचे ओठ हलताहेत! कांजूरच्या फलाटावरची एक बाई आम्हाला बघून नमस्कार करून गेली.

माझी मोजणी नाहूरला हरवली. म्हणजे एक स्लीपर मोजला की नाही अशी शंका आली, म्हणून चार पावलं मागे गेलो, मग मागे गेलेले वजा केले की मिळवले याची शंका आली… भांडुपला मी सरळ चिंचोका चघळायला लागलो. पोतनीस कांजूरच्या पुढे मटकन खाली बसले. बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड.

“अरे तुळशीदास, हा प्रवास आहे की शिक्षा?”

तुळशीदास झेंड्याची काठी टेकून शांतपणे म्हणाला, “आठाच्या आत आसला तर दोनय नाय, साहेब.”

पोतनीसांनी फोडावर फुंकर घातली. मग विचारलं, “हे तू रोज चालायचास?”

“जावचा आणि येवचा.”

साहेबांनी बूट हातात घेतला आणि उठले. पुलाशी पोचल्यावर आकडे मांडले. पोतनीस तेरा हजार चारशे अठ्ठ्याऐंशी. समीक्षा मॅडम तेरा हजार पाचशे तीस. तुळशीदास? तेरा हजार पाचशे बारा. जसेच्या तसे! आठ किलोमीटरला लागतात तेरा हजार दोनशे ऐंशी. सगळे वर! पोतनीस माझ्याकडे वळले, “डॉक्टर, तुमचा आकडा?” मी तोंड उघडलं, आणि समीक्षा मॅडमने पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली. “सरांना डिहायड्रेशन झालंय. लिहा, मदतनीस सहमत.”

एकतीस तारखेला टूल-रूमवर निरोपसमारंभ होता. हार, नारळ, बटाटेवडे. तिथेच आदेश आला. तुळशीदासने तो मला वाचायला दिला. ‘दोषमुक्त’ हा शब्द त्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग विचारलं, “खोटो म्हणान खंय नाय ना आता?” मी पुन्हा सगळा कागद तपासला, मागची बाजूसुद्धा बघितली, आणि म्हटलं, “नाही. कुठेही नाही.” तुम्हाला सांगतो, अधिक नाही, उणे नाही. अनुपमाला घरी येऊन सांगितलं तर तिने तारीख लिहून ठेवली.

आता आदेशाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘हा निर्णय सदर प्रकरणापुरताच मर्यादित राहील.’ मी वाचली होती. पण एवढ्या आनंदात कोण बारीक अक्षराकडे लक्ष देतो?

मग पोतनीसच म्हणाले, डॉक्टर, मदतनीस म्हणून त्या पाहणीच्या दिवसाचा भत्ता तुम्हालाही लागू आहे, फॉर्म भरा. मी नको म्हणत होतो. मला आतून वाटत होतं, नको. पण भरला. टूल-रूम ते पूल. अंतराच्या रकान्यात, चांगलं सरकारी चौकशीत सिद्ध झालेलं, अधिकाऱ्याने स्वतःच्या टाचेने मोजलेलं, लिहिलं, ‘आठच्या वर’. ऑफिसने काय केलं असेल? तक्ता काढला! मुलुंड ते विक्रोळी, सात पूर्णांक नऊ! आठच्या आत तो प्रवास नव्हे! सबब आपण प्रवास केलेला नाही. आणि पुढे काय, तर खोटी माहिती दिल्याबद्दल पंधरा दिवसांत खुलासा करावा, हवा असल्यास सोबत एक मदतनीस आणावा, निवृत्त कर्मचारी चालेल.

घाबरून मी मालवणला फोन लावला. तुळशीदास अंगणात बसला होता, मागे कोंबड्या ओरडत होत्या. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, “घाबरा नको, साहेब. मी येतंय तुमच्या वांगडा. चिंचोके घेवन येतंय. तुमी फक्त एक करा.”

मी म्हटलं, “काय करू?”

“तुमी तोंड उघडा नको.”